चोवीस शून्यं

धरणाच्या पायथ्याशी सिमेंट ओतलं गेलं तेव्हा मी तिथेच उभा होतो, हे आधी सांगून टाकतो. पुढे मी पुष्कळ लोकांच्या नावानं बोटं मोडणार आहे, तेव्हा यादीत पहिला नंबर माझा असलेला बरा.

माझं काम म्हणजे सरकारी मातीच्या धरणातून झिरपणारं पाणी मोजायचं. सव्वीस वर्षं झाली. मातीचं धरण झिरपतंच, माती म्हणजे काही काच नव्हे. ते पाणी भरावाच्या पोटात साठून राहू नये म्हणून बांधतानाच आतून दगड-वाळूचा निचरा काढलेला असतो आणि त्याचं तोंड पायथ्याशी एका मोरीत उघडतं. मोरीपुढे एक लोखंडी पत्रा उभा, त्याला मधोमध त्रिकोणी खाच, खाचेशेजारी पट्टी. रोज सकाळी सात वाजता खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची बघायची आणि वहीत लिहायची. बासष्ट मिलिमीटर. एकसष्ट. चौसष्ट. पुन्हा बासष्ट. याला काय डोकं लागतं, असं लोक विचारतात. डोकं लागत नाही. रोज जावं लागतं.

ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला हे काम शिकवलं त्यांनी हे धरण स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, आणि त्यांच्या जिभेला मात्र कसलाच बांध नव्हता. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे बघ, मातीचं धरण म्हणजे म्हातारा माणूस. तोंडावर सुरकुत्या किती ते बघत बसू नकोस. लघवी साफ होतेय का तेवढं बघ. जास्त झाली तर मला सांग. बंद झाली तर पळत ये." निवृत्त होताना त्यांनी मला एक काचेची बरणी दिली. तिच्यात मूठभर पिवळी वाळू होती. निचऱ्याभोवती घालायला लांबच्या नदीतून आणलेली. आमच्या भागात सगळी काळी माती, अशी पिवळी वाळू औषधालाही सापडायची नाही. "ही धरणाच्या आतड्यातली," मिस्त्री म्हणाले. "ही कधी बाहेर दिसली, तर धरण आतून निघायला लागलं म्हणून समज."

धरणाच्या खाली वसाहत, तिच्या पहिल्याच ओळीत माझ्या थोरल्या बहिणीचं घर. भावोजी चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, लघवीला नळी लावलेली आणि पलंगाच्या कडेला पिशवी अडकवलेली. पिशवीवर रेघा असतात. ताई रोज सकाळी सातला वाकून रेघ बघते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहिते. म्हणजे आम्ही दोघं भावंडं रोज सकाळी एकाच वेळी एकच काम करायचो, ती पलंगापाशी आणि मी मोरीपाशी. मोजून झालं की मी तिच्याकडे चहाला जायचो.

"भावोजी?" मी विचारायचो.

"साडेचारशे. धरण?"

"बासष्ट."

"चला, दोन्ही म्हातारे ठणठणीत आहेत," ती म्हणायची आणि चहा गाळायची.

तिची मुलगी वर टेकडीवरच्या वस्तीत राहते. ती सारखी म्हणायची, आई, बाबांना घेऊन इकडे ये, त्या पाण्याच्या खाली कशाला राहतेस? ताईचं उत्तर ठरलेलं. "माझा भाऊ मोजतोय ना. तो सांगेल तेव्हा निघू." माझ्या एका आकड्यावर ती सव्वीस वर्षं निवांत झोपत आली.

आता आमचे साहेब. वसाहतीत त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतात, कारण चिखलात उतरले तरी त्यांच्या पँटची घडी मोडत नाही. मोडेल कशी? ते चिखलात उतरतच नाहीत. धरणावर आले की माथ्यावरच्या रस्त्यावरून गाडीच्या काचेतून बघायचे आणि "छान आहे" म्हणायचे. माझी वही त्यांनी दोन वर्षांत एकदाही उघडलेली नव्हती. मग वरून पत्र आलं, धरणाची अवस्था बघायला तपासणी समिती येणार, आणि साहेबांना धरणाला पायथाही असतो याचा साक्षात्कार झाला.

समितीच्या आधीचा आठवडा म्हणजे लग्नघर झालं होतं. भरावावर उंदीर-घुशींनी केलेली बिळं होती. त्यांत माती ठासून भरायची, तर वरून हिरवळीचे तुकडे चिकटवले. माथ्यावर एक लांबलचक भेग होती, तिच्यावरून रंगाचा पांढरा पट्टा मारला. रस्त्याची रेघ म्हणून! पाणी सोडायच्या दाराची साखळी गंजलेली होती, तिला चंदेरी रंग दिला. ती फिरते का, हे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी हे सगळं बघत होतो आणि मला मळमळत होतं. आणि मी गप्प होतो. मळमळण्याला पगार मिळत नाही आणि गप्प बसण्याला मिळतो.

सोमवारी साहेब पहिल्यांदा मोरीपाशी आले. नाकाला रुमाल लावून. पाण्याला कसलाही वास नव्हता.

"हे सारखं असं वाहतं?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब. वाहायलाच हवं. निचरा आहे तो."

"फोटोत किती वाईट दिसेल! समिती म्हणेल धरण गळतंय."

"गळतंच साहेब. गळतं म्हणूनच उभं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शहाण्या माणसानं वेड्याकडे बघावं तसं. मग गवंड्याला हाक मारली. "याचं तोंड बंद करून टाक. दोन दिवसांपुरतं. समिती गेली की काढू."

गवंड्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, हे करू नका." एवढंच. आवाजही चढवला नाही. त्यांनी ऐकलं नाही आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. गवंड्यानं मोरीत दगड रचले, वर सिमेंट ओतलं, थापीनं गुळगुळीत केलं, आणि पट्टीवरचं पाणी उतरत उतरत थांबलं. खाचेत एक बेडूक येऊन बसला.

बुधवारी समिती आली. पाच माणसं, तीन गाड्या. धरणात पाणी काठोकाठ ठेवलेलं, फोटोत छान दिसतं म्हणून. मोरीपाशी आल्यावर त्यातल्या सगळ्यात मोठ्या साहेबांनी विचारलं, "गळती किती?" इस्त्रीसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी वही उघडून पुढे केली. त्या दिवशी सकाळी मी तिथे शून्य लिहिलं होतं, खाली सही केली होती. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मातीचं धरण आणि गळती शून्य! वा!" त्या पाचांत एकाही माणसाला असा प्रश्न पडला नाही, की पन्नास वर्षं झिरपणारं धरण अचानक कोरडं कसं झालं. थाप पडलेली जागा मी घरी जाऊन साबणानं घासली. खोटं सांगत नाही, अक्षरशः घासली.

दोन दिवसांचे चार झाले. पाचव्या दिवशी मी कचेरीत जाऊन म्हटलं, "साहेब, मोरी उघडायची होती." तर साहेब कौतुकाचं पत्र वाचत बसले होते. वरून आलेलं. धरणाची अवस्था उत्तम, गळती शून्य, बाकीच्या धरणांनी याचा आदर्श घ्यावा वगैरे.

"आता कसं उघडणार?" साहेब म्हणाले. "उघडलं की आकडा वर जाणार. आकडा वर गेला की विचारणा होणार. शून्याचे एकदम बासष्ट कसे झाले, याचं उत्तर तुम्ही देणार का?"

"पण साहेब, पाणी आत तुंबतंय."

"दिसतंय का कुठे?"

"नाही."

"मग?" असं म्हणून त्यांनी पत्र चौकटीत बसवायला पाठवून दिलं.

मी रोज सातला जात राहिलो. रोज बेडकाला बघून शून्य लिहीत राहिलो आणि खाली सही ठोकत राहिलो. याहून वाईट पुढेच. ताईकडे चहाला गेलो की ती विचारायची, "धरण?" आणि मी म्हणायचो, "बासष्ट." वहीत शून्य आणि ताईला बासष्ट! दोन्ही थापाच, पण सरकारला मारलेली थाप निदान नोकरीसाठी होती. ताईला का मारली? ती शून्य ऐकून घाबरेल म्हणून, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे ती मला विचारेल, "मग तू काय केलंस?" त्याची भीती होती. "चला, दोन्ही म्हातारे ठणठणीत," ती म्हणायची आणि मी तिच्या हातचा चहा निर्लज्जपणे पीत बसायचो.

चोविसाव्या दिवशी ती दारातच उभी होती, हसत. "अरे, लवकर ये! आपल्याकडे झरा लागला!"

घराच्या मागच्या अंगणात, कपडे धुण्याच्या दगडापाशी, जमिनीतून पाणी उसळत होतं. स्वच्छ, गार. शेजारच्या दोघी बादल्या घेऊन आल्या होत्या. एक म्हणत होती, तुमचं नशीब उघडलं. ताईनं त्या पाण्यानं भावोजींचे पाय पुसले होते. "इतकी वर्षं नळाला हात जोडत बसलो," ती म्हणाली, "आणि पाणी पायाखालीच होतं बघ."

मी खाली बसलो. जिथून पाणी उसळत होतं त्याभोवती वाळूचं बुटकं कडं तयार झालं होतं, मुंग्यांनी वारूळ काढायला घ्यावं तसं. मी चिमूटभर वाळू उचलून तळहातावर घेतली. पिवळी होती.

मी शेजारणीच्या हातातला पेला घेतला, पाणी भरलं, उन्हात धरलं. वरचं पाणी आरशासारखं आणि तळाशी पिवळा थर. बरणीतलीच वाळू. वर बारा पुरुष उंच पाणी तटलेलं, आणि धरणाचं आतडं माझ्या बहिणीच्या अंगणात येऊन पडत होतं. तीच वाळू भावोजींच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिकटलेली होती.

मी पेला तसाच हातात धरून कचेरीत गेलो. सायकलवर एका हातानं. साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"धरण आहे साहेब."

सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण डोळे पेल्याखाली ओल्या झालेल्या कागदावर. आधी त्यांनी पेला उचलून कागद पुसला. मग म्हणाले, "म्हणजे नेमकी कुठे गळती आहे?"

"माझ्या बहिणीच्या अंगणात."

"अच्छा." त्यांचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे. तिथेही दोन पाट्या सिमेंट टाकू. गवंड्याला लगेच पाठवतो."

मला वाटलं ते थट्टा करतायत. नव्हते करत. फोन उचलून त्यांनी खरोखरच गवंड्याला सांगितलं. मला त्या माणसाची इतकी किळस आली की मी खुर्चीचा हात सोडून मागे झालो. लबाड माणूस मी पुष्कळ बघितला आहे, लबाडाला निदान आपण काय लपवतोय ते ठाऊक असतं. याला वाटत होतं की भोक बुजवलं की पाणी जातं.

"धरण फुटेल साहेब," मी म्हटलं. "पाणी खाली उतरवा. मोरी उघडा. आज. आत्ता."

"असं लेखी आहे का तुमच्याकडे? तुमच्याच वहीत तर शून्य आहे." त्यांनी माझी वही ओढून उघडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. बोट फिरवत मोजले. "चोवीस दिवस शून्य. चोवीस सह्या तुमच्या. उद्या काही झालंच, तर मी काय दाखवू? हेच दाखवणार ना?"

मी वही उचलली आणि निघालो. दारात शिपाई म्हणाला, "पेला राहिला तुमचा." मी म्हटलं, "राहू दे, साहेबांना तहान लागेल."

ताई भावोजींना कुशीवर वळवत होती. मी दारातूनच म्हटलं, "ताई, भावोजींना घेऊन वर जा. लेकीकडे."

"का रे? कालच तर म्हणालास, बासष्ट."

"बासष्ट नाही."

"मग किती?"

मी कॅलेंडरकडे बघितलं. साडेचारशे, चारशे तीस, साडेचारशे, तिच्या तिरक्या अक्षरात. मी म्हटलं, "ताई, पिशवी रिकामी आहे. चोवीस दिवस."

"कुणाची?"

"धरणाची. साहेबांनी नळीला गाठ मारलीय."

समितीतल्या पाच माणसांना आणि एका साहेबाला जे कळलं नाही ते माझ्या चौथी शिकलेल्या बहिणीला एका क्षणात कळलं. ती अंगणाकडे वळून बघायला लागली. तिथे शेजारणी अजून बादल्या भरत होत्या. ताईनं सकाळी ज्या हातानं भावोजींचे पाय पुसले होते तो हात पदरालाही न पुसता नुसता अंगापासून लांब धरला.

"म्हणजे हा झरा..."

"हो."

ती माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "यांची पिशवी सहा तास रिकामी दिसली," ती म्हणाली, "तर मी नर्सबाईला फोन करते, तिला यायला उशीर झाला तर शिव्या देते. आणि तू चोवीस दिवस माझ्याकडे चहा पिऊन गेलास?"



तेवढ्यात गवंडी अंगणात आला. दोन पाट्या सिमेंट, थापी, खांद्यावर पहार. साहेबांचा हुकूम पाळायला. ताई पुढे झाली. "मोरी तूच बुजवलीस?"

"मला ओत म्हणाले, मी ओतलं," गवंडी म्हणाला.

"आता फोड."

"फोडतो की. पण लेखी कोण देणार? उद्या माझ्या गळ्यात यायचं."

मी वहीचं मागचं पान फाडलं. 'मोरी माझ्या सांगण्यावरून फोडली' असं लिहिलं आणि सही केली. त्या सव्वीस वर्षांत मी हजारो सह्या केल्या असतील. त्या महिन्यातली खरी अशी ही पहिलीच.

ताईनं शेजारणींच्या बादल्या स्वतः ओतून दिल्या आणि वसाहतीत सगळ्यांना सांगून आली. चौघांनी भावोजींना गादीसकट हातगाडीवर घेतलं. ताई पिशवी हातात धरून शेजारून चालत होती. मी आणि गवंडी मोरीपाशी गेलो. पाळीपाळीनं पहार मारली. गवंड्यानं काम चोख केलं होतं, मेल्यानं. एक तास लागला. शेवटचा दगड हलला आणि आतून जे आलं ते पाणी म्हणवत नव्हतं. गढूळ, पिवळं, आंबूस वासाचं. त्यानं मला गुडघ्यांतून खाली पाडलं, पत्रा बुडवला, पट्टी बुडवली आणि बेडूक कुठच्या कुठे गेला. मी त्या घाणीत बसून हसत होतो, असं गवंडी नंतर सांगत होता. मला आठवत नाही.

धरण फुटलं नाही. अंगणातला झरा संध्याकाळपर्यंत आटला. शेजारणीनं मला विचारलंही, "आता पुन्हा लागेल का हो झरा?" माणसाच्या जातीपुढे हात टेकले! चार दिवसांनी मोरीचं पाणी नितळ झालं. खात्यानं गाजावाजा न करता पाणी दोन पुरुष खाली उतरवलं. 'पूर्वनियोजित' असं पत्रक काढलं. मला निलंबित केलं, कारण, 'सरकारी बांधकामाची मोडतोड करून धरणास गळती लावली'. कौतुकाचं पत्र अजून भिंतीवरच आहे, चौकटीसकट. इस्त्रीसाहेबांना बढती मिळणार असं ऐकतो. मिळू दे. वरच्या मजल्यावर बसले तर निदान मोरीपासून लांब राहतील.

वही जमा करण्याआधी मी त्या चोवीस शून्यांपुढे एकेक करून 'खोटं' असं लिहिलं. प्रत्येकापुढे सही केली.

ताई आता टेकडीवर लेकीकडेच राहते. मी परवा गेलो होतो, सकाळी सातला. दुसरीकडे कुठे जायचं ते पायांना ठाऊक नाही. ती भावोजींना भरवत होती, हात खरकटे होते. मला म्हणाली, "तेवढी पिशवी बघ रे. आणि लिहून टाक."

मी वाकलो. डोळे रेघेच्या पातळीला आणले, मिस्त्रींनी शिकवलं होतं तसे. पाणी रेघेवर स्थिर होईपर्यंत थांबलो. "साडेचारशे," मी म्हटलं आणि कॅलेंडरात लिहिलं.

ताईनं वाटी खाली ठेवली. हात धुतले. मग पलंगापाशी येऊन खाली वाकली आणि रेघ स्वतः बघितली.